बेरीज जुळली, पण माझं नाव कुठं आहे?

मी पवनारहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून गावोगावच्या बैठकांना जाणं हे माझं रोजचं काम. आज मी एका अशा गोष्टीबद्दल बोलणार आहे, जी ऐकायला रुक्ष वाटेल, पण जिच्यावर तुमची बचत आणि तुमची पत दोन्ही अवलंबून आहेत. ती गोष्ट म्हणजे संगणकावरच्या हिशेबातलं एकत्रित खातं.

आपल्या गटांची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. पहिल्या चार सूत्रांवर आपण बैठकीत भरपूर बोलतो. पाचवं सूत्र मात्र वही लिहिणाऱ्या एका ताईवर सोपवून मोकळ्या होतो. पूर्वी निदान वही समोर उघडी असायची. आपल्या नावासमोर दोनशे रुपये लिहिताना दिसायचे. आता अनेक ग्रामसंघांचे आणि प्रभागसंघांचे हिशेब संगणकावर गेले, गटांचे व्यवहार मोबाइलवर भरले जाऊ लागले. नाबार्डनं २०१५ मध्ये ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीला निवडलेल्या दोन जिल्ह्यांत आपल्या महाराष्ट्रातला धुळे जिल्हा होता. आता लोकोस ॲप आलं आहे. हे चांगलंच झालं. पण बैठकीत छापील कागद येतो, त्यावर एकच ओळ असते : सभासद बचत, २४,००० रुपये. बाया मान हलवतात, सही करतात, अंगठा देतात आणि बैठक संपते. त्या एका ओळीच्या पोटात काय आहे, हे आज आपण उघडून बघू.

आधी जुन्या वहीपासून सुरुवात करू, म्हणजे नवीन समजायला सोपं जाईल. हिशेबाच्या तीन पायऱ्या असतात. रोज जे घडलं ते तारखेनं लिहायचं, ती रोजकीर्द. मग त्यातली प्रत्येक रक्कम ज्याच्या-त्याच्या खात्यावर उतरवायची, ती खतावणी. आणि सगळ्या खात्यांची शेवटची बाकी एका पानावर मांडायची, ती तेरीज. तेरीज म्हणजे गोषवारा. हा शब्द आजचा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दी, तेरजा आणि ताळेबंद आजही रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. मोठा कारभार करायचा तर रोजची प्रत्येक नोंद वाचत बसता येत नाही, गोषवारा लागतोच, हे आपल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक होतं.

संगणक हेच करतो. फरक इतकाच की गोषवारा तो स्वतः बनवतो. टॅलीचं उदाहरण घ्या, कारण आपल्या भागात बहुतेक ठिकाणी तेच दिसतं. त्यात ‘ग्रुप’ असतात आणि ‘लेजर’ असतात. लेजर म्हणजे खातं, ज्यावर प्रत्यक्ष नोंद होते. ग्रुप म्हणजे अनेक खात्यांना एकत्र बांधणारी मोट. टॅली उघडली की २८ ग्रुप तयारच मिळतात, आणि आपले ग्रुप आपण त्यांच्या खाली बनवू शकतो. ‘सभासद बचत’ नावाचा ग्रुप केला आणि त्याखाली दहा बायांच्या नावांची दहा खाती उघडली, तर नोंद होते बाईच्या खात्यावर आणि बेरीज आपोआप ग्रुपवर चढते. ग्रुपवर थेट रक्कम लिहिताच येत नाही. जीएनयूकॅश नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात मात्र मुख्य खात्यावरही नोंद करता येते. ती होऊ द्यायची नसेल, तर त्या खात्याला ‘प्लेसहोल्डर’ अशी खूण करावी लागते. मग ते खातं फक्त बेरीज दाखवतं.

यातून पहिला नियम निघतो. एकत्रित खातं वाचायसाठी असतं, लिहायसाठी नसतं. लिहायचं ते नेहमी खाली, नावावर.

एकत्रित खात्याचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. उपयोग मोठा आहे. बँकेचे साहेब कर्जप्रकरण बघतात तेव्हा त्यांना गटाची एकूण बचत, एकूण अंतर्गत कर्ज आणि एकूण परतफेड एका नजरेत हवी असते. ग्रामसंघात पंधरा-वीस गट असतील तर प्रत्येक बैठकीत दीड-दोनशे बायांची नावं वाचणं शक्य नाही. तिथं गटवार बेरीजच लागते. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांनाही आधी चित्र मोठं दिसलं पाहिजे. तेव्हा गोषवारा वाईट, असं मी सांगत नाही. सगळा हिशेब फक्त गोषवाऱ्यावरच संपवणं हे आपल्याला महागात पडतं, एवढंच सांगते आहे. कसं, ते तीन प्रकारांत बघू.

पहिला प्रकार नावांच्या अदलाबदलीचा. समजा गटात दहा बाया आहेत. प्रत्येकीची बचत महिन्याला २०० रुपये. वर्षाचे प्रत्येकीचे २,४०० आणि गटाचे २४,०००. आता आपल्या गावांत एका गटात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोघी असणं काही नवीन नाही. जावा-जावाच गटात असतात. एकीचे दोन महिन्यांचे ४०० रुपये दुसरीच्या खात्यावर चढले. म्हणजे एकीचे दिसतात २,००० आणि दुसरीचे २,८००. बेरीज? तीच, २४,०००. बँकेचं पासबुक जुळतं, तेरीज जुळते, पेटीतली रोकड जुळते. कुठंच काही खटकत नाही. पण ज्या बाईचे ४०० कमी दिसतात ती कागदावर ‘अनियमित’ ठरते. पुढं गटात कर्ज वाटताना पहिलं बोट तिच्यावर जातं.

एका गटात मी हे समोर पाहिलं आहे. पेरणीच्या तोंडावर कर्ज वाटायचं होतं आणि एका ताईंना सांगितलं गेलं, तुमची बचत मागं आहे, तुम्ही पुढच्या वेळी घ्या. त्या ताई उठल्या आणि म्हणाल्या, “म्या त एकही महिना खाडा केला नाई. मंग माहे पैसे गेले कुठी?” त्यांच्या पिशवीत त्यांचं सभासद पासबुक होतं. बारा महिन्यांच्या बारा नोंदी, सह्यांसकट. पंधरा मिनिटांत चूक सापडली, कारण शोधायला दुसरा कागद होता. बेरजेनं ती चूक कधीच दाखवली नसती. बेरजेला नाव कळत नाही. पासबुक घरच्या पेटीत राहिलं असतं, तर त्या ताईंची पेरणी सावकाराच्या पैशावर झाली असती.

दुसरा प्रकार एका ओळीच्या नोंदीचा. हा संगणकावर जास्त होतो. समजा गटाला बँकेचं ३,००,००० रुपये कर्ज मिळालं आणि दहा बायांनी तीस-तीस हजार वाटून घेतलं. कामाची घाई असते. म्हणून ‘सभासद कर्ज’ नावाचं एकच खातं उघडून त्यावर तीन लाखांची एकच नोंद केली जाते. पुढच्या महिन्यात हप्ते येतात. आता पावत्या नावानं फाडलेल्या असतात, म्हणून दहा नावांची खाती उघडून प्रत्येकीच्या खात्यावर २,५०० रुपये मुद्दल जमा केलं जातं. एकत्रित आकडा येतो २,७५,०००. बरोबर आहे. तीन लाखांतून पंचवीस हजार गेले, राहिले पावणेतीन लाख.

पण आत उघडून बघा. एका बिननावाच्या खात्यावर तीन लाख नावे पडलेले आहेत आणि दहा बायांच्या खात्यांवर प्रत्येकी अडीच हजार जमा दिसतात. म्हणजे यादी म्हणते की गटच या बायांचं देणं लागतो! आणि कोणत्या बाईकडे किती कर्ज राहिलं, हे त्या कागदावर कुठंच नाही. दोघींनी हप्ता चुकवला तर त्या दोघी कोण, हे फक्त वही लिहिणाऱ्या ताईच्या डोक्यात. उद्या त्या ताईचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली, की तीन लाखांचा हिशेब तिच्याबरोबर गेला.

हीच गोष्ट वहीतून संगणकावर जाताना होते. जुन्या बाक्या भरताना कंटाळा येतो आणि ‘मागील बचत’ म्हणून एकच रक्कम टाकली जाते. तिथं नावं पुसली जातात. म्हणून जुनी बाकी भरण्याआधी नावनिशी यादी करा, प्रत्येकीला तिचा आकडा वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या आणि मगच तो आकडा संगणकात भरा. एक बैठक जास्त लागेल, लागू द्या.

असं आधीच झालं असेल तर? घाबरायचं नाही आणि जुनी नोंद खोडायचीही नाही. जर्नल व्हाउचर नावाची सोय असते, म्हणजे पैसा न हलवता केलेली नोंद. बिननावाच्या खात्यावर तीन लाख जमा करायचे आणि दहा जणींच्या खात्यांवर तीस-तीस हजार नावे टाकायचे. बिननावाचं खातं शून्य होतं, प्रत्येकीच्या नावावर २७,५०० बाकी दिसते, आणि एकत्रित आकडा २,७५,००० तसाच राहतो. नोंदीखाली कारण लिहा आणि बैठकीच्या इतिवृत्तात ठराव घ्या. जुनी नोंद दिसत राहिली, तर तपासणाऱ्याला काय झालं ते कळतं. खोडली तर संशय राहतो.

तिसरा प्रकार उचंत खात्याचा. बँकेत १,५०० रुपये जमा झाले, पण कोणी भरले ते कळलं नाही. कोणाच्या तरी मुलानं फोनवरून पाठवले, नाव आलं दुसरंच. अशी रक्कम तात्पुरती उचंत खात्यावर ठेवतात. ठेवायला हरकत नाही. पण टॅलीत हे खातं ‘चालू देणी’ अशा मोठ्या ग्रुपखाली उघडलं, तर गोषवाऱ्यात ते त्याच्या पोटात शिरून बसतं. वरची ओळ बघणाऱ्याला ते दिसतच नाही. महिने जातात. इकडे जिनं पैसे भरले तिच्या नावावर थकबाकी आणि व्याज वाढत राहतं. म्हणून उचंत खात्याचा नियम एकच : पुढच्या बैठकीपर्यंत ते शून्य झालंच पाहिजे. झालं नाही, तर रक्कम आणि तारीख बैठकीत मोठ्यानं वाचायची. बसलेल्यांपैकीच कोणीतरी म्हणते, अगं बाई, ते तर माझे!

आता प्रश्न येतो की मग किती खाती उघडायची? प्रत्येक गोष्टीचं वेगळं खातं केलं तर तेरीज दहा पानांची होईल आणि कोणीच वाचणार नाही. मी एक साधी कसोटी सांगते. ज्या रकमेबद्दल उद्या कोणी नाव घेऊन विचारेल, तिचं खातं वेगळं. ज्या रकमेबद्दल फक्त एकूण किती एवढंच विचारतील, ती एकत्र. बाईची बचत, बाईचं कर्ज, ग्रामसंघातून आलेला निधी, बँकेचं कर्ज, यांची खाती नेहमी वेगळी. बैठकीचा चहा, रजिस्टर, पेन, झेरॉक्स हे सगळं ‘बैठक खर्च’ या एका खात्यात चालतं. चहाला वेगळं खातं नको. पण ‘किरकोळ खर्च’ या खात्यावर लक्ष ठेवा. ते फुगायला लागलं की समजा, त्याच्या पोटात काहीतरी असं बसलं आहे जे आता किरकोळ राहिलेलं नाही. ते बाहेर काढा आणि त्याला नाव द्या.

जे गट धंदा करतात त्यांना हे जास्त लागू आहे. आपल्या वर्धा जिल्ह्याच्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपल्या कितीतरी बाया हळद, तिखट, पापड, शेवया विकतात. समजा प्रदर्शनात चार दिवस दुकान लावलं आणि विक्री झाली ४०,००० रुपये. सगळा खर्च ३४,०००. सहा हजार उरले म्हणून सगळ्या खूश. पण विक्रीखाली आणि खर्चाखाली हळद, तिखट, पापड अशी वेगळी खाती असती, तर कदाचित दिसलं असतं की हळदीनं आठ हजार कमावले, तिखटानं एक हजार आणि पापडानं तीन हजार घालवले. बेरीज तीच, सहा हजार. फरक एवढाच की आता पुढच्या वेळी पापडाचा भाव वाढवायचा की पापड कमी न्यायचे, हे ठरवता येतं. एकत्रित आकडा आनंद देतो, खालची खाती अक्कल देतात.

अजून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपली रचना पायऱ्यांची आहे. गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. जसजसं वर जाल तसतशी नावं गळत जातात. गटाच्या हिशेबात बाईचं नाव असतं. ग्रामसंघ गटाला कर्ज देतो, म्हणून त्याच्या हिशेबात गटाचं नाव असतं, बाईचं नाही. प्रभागसंघाच्या हिशेबात ग्रामसंघाचं नाव. हे नैसर्गिक आहे. पण याचा अर्थ असा की तुमचं नाव जिथं लिहिलेलं आहे असं ठिकाण एकच, तुमचा गट. तिथं चुकलं तर वरचा कोणताही कागद, कितीही चांगलं सॉफ्टवेअर ते दुरुस्त करू शकत नाही.

आणि पायऱ्यांमध्येही मेळ लागतो. ग्रामसंघाच्या कागदावर तुमच्या गटाकडून येणं ५०,००० लिहिलेलं असेल, तर तुमच्या गटाच्या कागदावर ग्रामसंघाला देणं ५०,००० च असलं पाहिजे. दोन कागद शेजारी ठेवून बघा. फरक निघाला तर बहुतेक वेळा एखादा हप्ता एका बाजूला लिहिलेला आणि दुसऱ्या बाजूला राहिलेला असतो, किंवा एकानं व्याज मुद्दलात धरलेलं असतं. दर तीन महिन्यांनी हे केलं तर दहा मिनिटांचं काम आहे. तीन वर्षांनी केलं तर भांडण आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला संगणक येत नाही, काहींना वाचताही येत नाही, आम्ही काय तपासणार? तुम्हीच तपासणार. कारण आपण किती भरले हे जितकं बाईला आठवतं तितकं कोणाला आठवत नाही. त्यासाठी बैठकीत तीन गोष्टी मागा.

पहिली, नावनिशी यादी. फक्त एकूण आकड्याचा कागद घेऊ नका. टॅलीत ग्रुपवर जाऊन एन्टर दाबलं की खालची खाती उघडतात, खात्यावर पुन्हा एन्टर दाबलं की महिने, मग नोंदी. खालपर्यंत उतरता येतं. सीआरपी ताईंना सांगा, एक पायरी खाली उतरून छापून आणा. मग ती यादी मोठ्यानं वाचायची : नाव, बचत, कर्ज बाकी. प्रत्येकीनं आपला आकडा ऐकून हो म्हणायचं. दहा जणींना दहा मिनिटं लागतात.

दुसरी, पासबुकाशी मेळ. सभासद पासबुक घरात ठेवून यायचं नाही. यादीतला आकडा आणि पासबुकातला आकडा शेजारी बघायचा. वाचता येत नसेल तर शेजारणीला दाखवा, शाळेत जाणाऱ्या लेकीला दाखवा.

तिसरी, उलट्या बाजूचा आकडा. बचतीच्या यादीत सगळ्या बायांची बाकी जमा असली पाहिजे. कर्जाच्या यादीत नावे असली पाहिजे. त्यात एखादीच बाकी उलट्या बाजूला दिसली, तर तिथं थांबा. तिनं आगाऊ हप्ता भरलेला असेल, नाहीतर नोंद चुकलेली असेल. एकत्रित आकड्यात हे उलटं-सुलटं एकमेकांत वजा होऊन जातं, म्हणून ते वरून दिसत नाही.

आणि हिशेब लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणींना एक विनंती. बायांनी विचारलं की राग मानू नका. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. आपल्या पवनारपासून सेवाग्राम काही लांब नाही. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले, पण हिशेबाची त्यांची शिस्त त्याच्या फार आधीची. दक्षिण आफ्रिकेत १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस उभी राहिली, तेव्हा आलेल्या प्रत्येक रकमेची पावती दिली जायची, हे त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. त्यांच्यावर लोकांचा विश्वास नव्हता म्हणून ती पावती नव्हती. लोकांचा पैसा लोकांना दिसला पाहिजे म्हणून होती. तुमची यादी बैठकीत वाचली गेली, तर उद्या चूक निघाली तरी ती एकट्या तुमच्या माथी येत नाही. सगळ्यांनी ऐकलेला हिशेब हा सगळ्यांचा असतो.

तेव्हा तायांनो, येत्या बैठकीत कागद समोर आला की सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : “बेरीज समजली, आता माझं नाव वाचा.” तेवढं विचारलं की बाकीचं आपोआप सुरू होतं. बचतीची वही असो की संगणक, तिथं तुमच्या नावासमोर तुमचा घामाचा पैसा लिहिलेला असला पाहिजे, आणि तो तुम्हाला ऐकू आला पाहिजे.

आपल्या सगळ्यांचे हिशेब नावानिशी जुळोत.